हालबेराची एकोणीस पावलं

ही घटना खरी आहे. माझी आई यॉरून हिच्यासमोर घडलेली. तिने ती मला आयुष्यात एकदाच सांगितली. सांगताना एक शब्दही वाढवला नाही.

आइसलंडमधलं आमचं जुनं शेत. मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या होत्या, पहिला बर्फ पडला होता. यॉरून तेव्हा सतरा वर्षांची.

तिची आई हालबेरा अंथरुणाला खिळली होती. नवऱ्याने, केटिलने, भर पाहुण्यांत तिच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिला त्याची बायको म्हणून मरायचं नव्हतं. माहेरच्या मातीत, बहिणींशेजारी निजायचं होतं.

आमच्यात बाईला नवरा सोडता येतो. साक्षीदारांसमोर बोलायचं. एकदा पलंगापाशी, एकदा मोठ्या दारात.

पलंगापाशी ती बोलली. शेजारचा फिन्न आणि त्याचा भाऊ साक्षीला होते. मग उठायला गेली आणि कोसळली. दार राहिलं.

दुसऱ्या सकाळी ती यॉरूनला म्हणाली, "पोरी, फिन्नला बोलाव. आणि मला दारापर्यंत धर. वीस पावलं तर आहेत."

केटिलने मुलीला बाजूला घेतलं. "बाहेर वादळ आहे, तू कुठे जातेस? मी गड्याला धाडलंय फिन्नकडे. तो आला की मीच तिला उचलून दारात नेतो."

"नक्की, बाबा?"

"बापावर विश्वास नाही?"

होता.

"तो कुणालाही धाडणार नाही, वेडे," हालबेरा म्हणाली.

यॉरूनने तिचं पांघरूण सारखं केलं.

दुपार झाली. फिन्न आला नाही. गडी गोठ्यातच होता. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

दिवेलागणीआधी हालबेरा गेली.

केटिलने तिला दारातून नेलं नाही. मागची भिंत फोडली. मेलेलं माणूस परत येईल अशी धास्ती असली की तसं करतात. भोक बुजवलं की त्याला वाट सापडत नाही.

"कशाला घाबरता, बाबा?"

त्याने भोक बुजवलं. हालबेराला आपल्याच शेतात पुरलं.

तिसऱ्या सकाळी यॉरून लोणी काढत होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

पलंगाकडून आवाज आला...

पाऊल.

अनवाणी, ओढत टाकलेलं. मग दुसरं. मग तिसरं. यॉरूनने मोजली. एकोणीस. पावलं दारापाशी थांबली...

विसावं आलंच नाही.

मग रोज सकाळी तेच. केटिलही ऐकायचा. वाडग्यातून मान वर करायचा नाही.

सातव्या दिवशी, रीतीप्रमाणे, हालबेराच्या नावाने बिअर ठेवली. फिन्न आणि त्याचा भाऊ आले.

"केटिल, बिअर की पाणी रे हे?" फिन्न म्हणाला. "बिअर गाळणारी बाई घरात नाही, ते घोटाघोटाला कळतंय."

"बाईवर हात उचलला ना?" भाऊ म्हणाला. "मग पी आता पाणी!"

हसणं मध्येच तुटलं...

पलंगाकडून पाऊल वाजलं.

या वेळी सगळ्यांनी ऐकलं. एकोणीस. मग शांतता. दाराचा अडसर आपोआप सरकला. दार उघडलं. बाहेर वाऱ्याची झुळूकही नव्हती, नुसता कोरा बर्फ.

यॉरून उठली. दारात जाऊन उभी राहिली.

"फिन्नकाका, ऐका. हालबेरा केटिलला सोडते आहे. तिच्या वतीने मी सांगते."

"खाली बस!" केटिल ओरडला.

"ऐकलं, पोरी," फिन्न हळू म्हणाला. "मी साक्षीला आहे."

यॉरून बाजूला झाली. "जा, आई."

सगळ्यांचे डोळे बर्फावर खिळले. एकही ठसा उमटला नाही.

मग पाऊल वाजलं... पण आत.

ते केटिलकडे गेलं नाही. यॉरूनच्या पाठीशी येऊन थांबलं.

त्याच आठवड्यात फिन्नने हालबेराला उकरून माहेरी नेलं, बहिणींशेजारी पुरलं. जे हवं होतं ते तिला मिळालं.

तरीही...

यॉरून लग्न करून खाडीपलीकडे या घरात आली. मला आठवतंय तेव्हापासून ती दारात पोहोचली की थबकायची. अंग चोरून बाजूला व्हायची, कुणाला तरी आधी जाऊ द्यायची. कुणीच जायचं नाही. मग तिचा चेहरा उतरायचा.

मागच्या महिन्यात माझी आई गेली. आम्ही तिला मोठ्या दारातूनच नेलं.

घरात आता मी एकटी आहे. आज सकाळी चरवी घेऊन दूध काढायला निघाले. दारात पोहोचले, आणि कळलं...

मी बाजूला झाले होते.