जांभळ्या उजेडाची वस्ती

“मावशी, हा ठिपका गेल्या वर्षापेक्षा मोठा झालाय,” भिंतीला नाक लावून भिंग म्हणाला. जाड चष्म्यामुळे त्याला हे नाव पडलं होतं, आणि नाक लावल्याशिवाय त्याला काही दिसतही नसे.

मावशीच्या कचेरीत भिंतभर एक काळा फोटो होता, उपग्रहाने रात्री आभाळातून काढलेला. सुट्टीत आलेल्या भाचरांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिने तिघांना कामावर आणलं होतं. ताई सगळ्यांत मोठी, भिंग मधला आणि टिवटिव धाकटी. धाकटीचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसे.

“कुठे किती प्रगती झाली, ते आम्ही उजेडावरून मोजतो,” मावशी म्हणाली. “घरोघर जायला माणसं कुठून आणणार? कमाई वाढली की दिवे वाढतात. बहुतेक वेळा.”

“आणि बाकीच्या वेळा?” ताईने विचारलं.

मावशी उत्तर देणार तेवढ्यात तिचे साहेब आत आले. त्या ठिपक्याकडे पाहून त्यांना स्वतःचंच कौतुक वाटत होतं. “टेकडीमागची वस्ती काय उजळलीय! उद्या संध्याकाळी तिथे ‘विकसित वस्ती’ची पाटी लावायची. आणि सोमवारपासून तिथला फुकट दवाखाना हलवायचा. आता त्यांना परवडेल मोठं रुग्णालय.”

टिवटिव चक्क गप्प झाली. गेल्या सुट्टीत मावशीकडे येताना वाटेत तिचा श्वास अडकला होता. त्याच दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बॅटरीवरच्या यंत्राने वाफ देऊन तिला वाचवलं होतं. तोंडावरच्या मास्कमागून तिला दिसत होती फक्त मेणबत्ती.

“पण तिथे तर मिट्ट काळोख असतो,” ती साहेब गेल्यावर म्हणाली. “मावशी, तो दवाखाना गेला तर माझ्यासारख्यांनी काय करायचं?”

“नर्सबाईंना भेटून येतो,” म्हणून तिघं निघाली, तेव्हा मावशीने अडवलं नाही.

बस शेवटच्या थांब्यावर त्यांना सोडून वळली, तेव्हा दिवस मावळत होता. दवाखान्याच्या दाराला कुलूप होतं. नर्सबाई कुठल्या तरी बाळंतिणीकडे गेल्या होत्या, तशी पाटी लटकत होती.

वस्तीत एकही दिवा नव्हता. दारं उघडी, आत कोणी नाही. एका चुलीवरचं भांडं अजून गरम होतं. कुत्रं नाही, पोरांचा आवाज नाही. आणि टेकडीच्या कडेचं आभाळ मात्र जांभळं झालं होतं.

“माणसं गेली कुठे?” भिंग पुटपुटला.

“परत जाऊ या का?” टिवटिव म्हणाली, आणि ताईचा हात धरून पुढेच चालत राहिली.

टेकडीला वळसा घातल्यावर एक लांबलचक काचघर दिसलं. आत फुलांच्या रांगा आणि त्यांवर शेकडो जांभळे दिवे. माणूस एकही नाही. पण बाहेर, काचेला खेटून, बायकांची रांग बसली होती. तोंडं जांभळी, ओठ काळे. कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांचे हात तेवढे सारखे वरखाली होत होते.

टिवटिव किंचाळणारच होती, पण एका म्हातारीने ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल, पोरी. आवाज झाला की पहारेकरी हाकलतो.”

जवळ गेल्यावर कळलं, की त्या शर्टांना बटणं लावत होत्या; पोरं त्यांच्या पाठीशी पेंगत होती.

“घरी का नाही बसत, आजी?” ताईने कुजबुजत विचारलं.

“घरी दिसतंय काय? वस्तीला आणि काचघराला तार एकच. इथले दिवे लागले की आमचे विझतात. फुलांना उजेड लागतो ना रात्री.” म्हातारीने सुई काचेजवळ नेली. “दिवसा बायका याच फुलांची खुरपणी करतात, म्हणून शिवणकाम संध्याकाळी. त्यातही निम्मा माल परत येतो. म्हणतात, तुमचा हात बिघडलाय.”

भिंगाने खिशातला टॉर्च शर्टावर धरला. शर्ट गर्द हिरवा होता. बटणं मात्र काळ्या दोऱ्याने लावलेली होती; जांभळ्या उजेडात दोन्ही रंग सारखेच काळे दिसत होते.

म्हातारीने बटणाचा दोरा नखाने उचलून पाहिला. “म्हणजे हात बरा आहे माझा,” ती म्हणाली. ते ऐकून ताईला साहेबांचा भयंकर राग आला.

परतीच्या बसमध्ये तिघांची डोकी एकत्र आली. घरी मावशीला सगळं सांगितलं. तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी साहेब पाटी घेऊन आले, तेव्हा मावशीने त्यांना मुद्दाम काचघराजवळ उभं केलं. टिवटिव त्यांच्यापुढे दोन रिळं धरून उभी राहिली.

“काका, यातला हिरवा दोरा कुठला, ते सांगता? आजींना हवाय.”

“एवढंच ना?” साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. दोन्ही रिळं काळीच दिसत होती. शेवटी त्यांनी ऐटीत एक उचललं. भिंगाने टॉर्च लावला. रीळ काळंच होतं.

“तुमचाही माल परत,” टिवटिव म्हणाली.

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच त्या जांभळ्या तोंडांकडे नीट पाहिलं.

“काका, आता हे दिवे दोन मिनिटं बंद करायला सांगा,” ताई म्हणाली.

पहारेकऱ्याने कुरकुरत खटका ओढला. सगळीकडे काळोख झाला. कोणाचा तरी हात भिंगाच्या हाताला लागला आणि तो दचकला. मग टेकडीखाली एक पिवळी खिडकी दिसली. मग दुसरी. बघता बघता वस्ती उजळली, पण ती इतकी मिणमिणती की आभाळातून कोणाला दिसली नसती.

“म्हणजे आपण फुलांची प्रगती मोजली,” मावशी म्हणाली.

साहेबांनी पाटी गाडीत परत ठेवली. “दवाखाना हलणार नाही,” ते खाली मान घालून म्हणाले. “आणि वस्तीला वेगळी तार मिळेपर्यंत हे दिवे बायकांचं काम आटोपल्यावरच लागतील. मी स्वतः पाहीन.” मग तिघांकडे वळून म्हणाले, “शाबास रे पोरांनो. माझी चूक झाली.”

“पुढच्या वेळी मोजायला निघाले की आधी वस्तीत येईन,” मावशी म्हणाली. “तुम्हाला घेऊन.”

काळोख होताच उठलेली म्हातारी कधीच घरी पोचली होती. तिघं दारात गेली, तेव्हा ती बल्बखाली बसून टिवटिवला निरखत होती.

“अगं,” ती म्हणाली, “तुझा फ्रॉक पिवळा आहे होय? काल मला वाटलं, लाल.”