एकविसावी रेघ

घाटघरहून सकाळची एसटी धरून गोरक्ष ओतूरला उतरला, तेव्हा त्याला कसलीच घाई नव्हती. अर्शिया मॅडमकडून खडा परत घ्यायचा आणि दुपारच्या गाडीने घरी जायचं, एवढंच काम. भाऊ गेल्यापासून अंगात असा शीण मुरला होता, की पायातली चप्पलसुद्धा जड वाटे.

मॅडम दगडांचं वय काढत. त्यांच्यासाठी डोंगरातून दगड आणणारा सोपान, गोरक्षचा थोरला भाऊ, कड्यावरून घसरला, तेव्हा हा काळा, काचेसारखा खडा त्याच्या मुठीत होता. स्मशानात गोरक्षने तोच जीवखडा म्हणून उचलला. दहा दिवस त्याच्यावर पाणी घातलं. दहाव्याला नदीत सोडायची वेळ आली आणि हात उघडेना. त्याने गुपचूप दुसराच दगड सोडला. पिंडाला कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मॅडम दगडाला बोलतं करतात, असं सोपान म्हणायचा. म्हणून सतराव्या दिवशी खडा त्यांना नेऊन दिला होता.

"बस," मॅडम हळू म्हणाल्या. खोलीत आम्लाचा उग्र वास कोंडला होता. "दगडातल्या युरेनियमचा एखादा अणू फुटला, की आत सरळ रेघ राहते. त्या रेघा मोजून वय कळतं."

"दादा सांगायचा. लई जुना निघाला का?"

"तू दिलास तेव्हा सतरा रेघा होत्या. दुसऱ्या दिवशी अठरा. एवढ्याशा तुकड्यात नवी रेघ पडायला पिढ्या जातात रे... आज एकवीस आहेत." त्या थांबल्या. "सोपानला जाऊन किती दिवस झाले?"

गोरक्षने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. चार उभ्या, त्यांवर एक आडवी. पुन्हा चार उभ्या...

मेंढरं घेऊन तो खाली देशावर जायचा, तेव्हा सोपान दाराशेजारी कोळशाने रोज एक, अश्शाच रेघा ओढायचा. परतल्यावर म्हणायचा, "आलास व्हय, पावणं? रेघा वढून हात दुखला की माझा!"

"मॅडम, खडा द्या. ती कापल्याली चकतीबी."

त्यांनी दोन्ही दिलं.

भर उन्हात मांडवीच्या पात्रात तो गुडघाभर शिरला. "चुकलो रं दादा. अडकवून ठिवला तुला. जा आता..." मूठ उघडली. काठावर भाकरीचा तुकडा ठेवला, तर हात मागे घेण्याआधीच कावळ्याने उचलला. किती दिवसांनी गोरक्ष रडला.

घरी पोचला तेव्हा आई, चिमाबाई, सोपानच्या फोटोपुढे दिवा लावत होती.

"गोरक्षा, ही काच कवा तडकली रं? सकाळी पुसली, तवा न्हवती."

खालच्या कोपऱ्यात केसाएवढी रेघ होती. त्याने नख फिरवलं. नखाला काहीच लागेना. रेघ काचेच्या आत होती.

एकच. उभी.