प्रेताला संवाद नसतात

सकाळी नऊ वाजता थोरला बैठकीच्या खोलीत पंख्याखाली मरून पडला होता, आणि त्याची बायको त्याच्या आजूबाजूने केर काढत होती. "पाय उचला," ती म्हणाली. मेलेला माणूस पाय उचलत नाही, हे त्याने डोळे मिटूनच तिला सांगितलं... आणि मग उचलले.

ही तालीम होती; टीव्हीवरच्या एका गुन्हेमालिकेतलं हे त्याचं सातवं प्रेत. दर वेळी मिशी तेवढी बदलायची. मालिकेचा नायक, म्हणजे एक निरपराध अशील फासावर गेल्यावर वकिली सोडून, बाटली जवळ करून खुन्यांच्या मागे लागलेला शोधक, साकारत होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ. पण हे नातं सेटवर कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक म्हणतील मढ्याचं कामही वशिल्याने भावालाच देतो, असं धाकट्याने बजावलं होतं, आणि थोरल्याने तो अपमान मुकाट गिळला होता.

"आज तरी सांगा त्याला," बायकोने केरसुणी आपटली. "शोधकाच्या भूमिकेच्या ऑडिशनला तुम्ही दोन वाक्यं बोलून 'विसरलो' म्हणालात. का म्हणालात, ते मला माहीत आहे."

तेव्हा धाकट्याला काम नव्हतं, संसार मोडकळीला आलेला... थोरल्याच्या वत्सल अंतःकरणाला ते पाहवेना! पण त्या त्यागाचं फळ असं, की या नटाला पाठांतर जमत नाही, ही गोष्ट धाकट्याने, नातं न सांगता, जिथे तिथे पसरवली, आणि बिनसंवादाची कामं तेवढी थोरल्याच्या वाट्याला आली.

त्या दिवशीच्या चित्रीकरणात शोधक प्रेतापाशी बसून आपल्या वकिलीची करुण कहाणी सांगतो, असा प्रसंग होता. ऑडिशनचंच ते लांबलचक स्वगत! धाकटा प्रत्येक टेकला एकाच वाक्यावर अडखळत होता. अकराव्या टेकनंतर दिग्दर्शकाने, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, आता दुसरा नट बघावा लागेल, असं म्हटलं.

बाराव्या टेकला धाकटा पुन्हा तिथेच अडला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर होता. इतक्यात प्रेत ओठ न हलवता पुटपुटलं, "ज्याला घरी नेईन म्हणालो होतो, त्याच्या चपला तेवढ्या माझ्या हाती आल्या..."

धाकट्याने वाक्य उचललं. पुढचं वाक्यही तिथूनच आलं, त्यापुढचंही. आणि तीन वर्षं लेखकाने लिहून दिलेले खुनी पकडणाऱ्या त्या शोधकाला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःहून उलगडलं.

"तुला हे सगळं पाठ आहे," तो सावकाश म्हणाला. "मग ऑडिशनला तू विसरलास कसा?"

कट म्हटल्याशिवाय हलायचं नाही, ही थोरल्याची शिस्त. पण मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक थेंब निघाला आणि रंगवलेल्या जखमेवरून कानाकडे ओघळला.

"अरे, मढं रडतंय," दिग्दर्शक वैतागला. "बदला त्याला."

"त्याला कुणी हात लावायचा नाही." धाकट्याचा आवाज फुटला. "माझा सख्खा भाऊ आहे तो. ही भूमिका त्याची होती... आणि मी त्याला सात वेळा मारलं."

प्रेताने डोळे न उघडता हळूच विचारलं, "कट झालं का?"

"झालं, दादा. ऊठ."

तरी थोरला लगेच उठला नाही. ती हाक चारचौघांत त्याला आणखी एकदा ऐकायची होती.