केतकीच्या वाफ्यातली हळकुंडं

एकवीस दिवस झाले, तरी केतकीच्या वाफ्यात कोंबाचा पत्ता नव्हता. चंद्रावरच्या वसाहतीत प्रत्येक मुलाला घरामागच्या काचघरात औषधी वनस्पतींसाठी एकच वाफा मिळे. चौथ्या शनिवारपर्यंत त्यात काही वाढताना दिसलं नाही, तर तो दुसऱ्याला जाई. आज सोमवार, म्हणजे पाचच दिवस उरले होते.

"पाणी बरोबर, उजेड बरोबर, ऊबही बरोबर," बागेचा रोबो खुरप्या म्हणाला. स्वारीने तीन आठवडे थेंब न् थेंब मोजला होता.

"मग माझी हळद उगवत का नाही?"

केतकीचे आजोबा वनस्पतिशास्त्रज्ञ, मूळचे सांगलीचे. त्यांनी एक हळकुंड उकरून नखाने टोकरलं. "ही कुठून आणलीस?"

"आईच्या मसाल्याच्या डब्यातून."

आजोबांनी हसू दाबलं. "अगं, हळकुंडं करताना ओली हळद शिजवतात, मग उन्हात खडखडीत वाळवतात. त्यात तिच्या पेशी (सजीवांचे अगदी बारीक घटक) मरून जातात. उकडलेला बटाटा पेरलास तर उगवेल का? आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार?"

"आड म्हणजे?" खुरप्याने विचारलं.

"विहीर रे."

ओली हळद पुढच्या यानातून येणार, म्हणजे चार महिन्यांनी. केतकीला रडूच कोसळलं. तेव्हा आजोबा स्वयंपाकघरातून आल्याचा तुकडा घेऊन आले. त्यांच्या खोकल्याच्या काढ्यासाठी ठेवलेला तो शेवटचा तुकडा होता.

"आपण याला मूळ म्हणतो, पण हे आहे मूलक्षोड (जमिनीखाली आडवं वाढणारं खोड). हळदीचंही तसंच. खोड आहे म्हणून त्याला असे डोळे असतात, आणि कोंब फुटतो तो डोळ्यातूनच."

एका डोळ्यातून हिरवट टोक डोकावतच होतं.

"पण तुमचा काढा?"

"डोळ्याचा तुकडा तुझा, उरलेला माझा."

कापलेली बाजू कुजू नये म्हणून त्यांनी ती दिवसभर सुकू दिली. मंगळवारी केतकीने तुकडा मातीत ठेवला, डोळा वर, कोंबाचं टोक जरासं बाहेर. पुढचे चार दिवस तिचं शाळेत लक्ष नव्हतं.

शनिवारी खुरप्याने मोजपट्टी लावली, पुन्हा लावली. "चार मिलिमीटर वाढ. वाफा केतकीचा."

केतकी आजोबांच्या गळ्यातच पडली. त्यांच्या हातातला काढा हिंदकळला.

"पाणचट झालाय यंदाचा," एक घोट घेऊन आजोबा खोकत म्हणाले. "पुढच्या वर्षी तुझ्या आल्याच्या काढ्याने अख्ख्या वसाहतीच्या नाकातून पाणी काढू."