टर्कीच्या पंगतीत एक पाट

लेक्चर रद्द झालं म्हणून सुनीती त्या दिवशी दुपारी दोनलाच घरी आली, आणि काचेच्या सनरूममध्ये तिच्या खुर्चीवर एक अनोळखी मुलगा बसलेला दिसला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, जीभ दातांत, हातात बारीक ब्रश. तो पुस्तकातल्या एका टर्की पक्ष्याला पाय काढत होता.

"कोण आहेस तू?" सुनीतीने हातातली छत्री उगारली.

"एक मिनिट... एकच बोट राहिलंय." त्याने मान वर न करता बोट पुरं केलं, त्यावर फुंकर मारली, आणि मगच तिच्याकडे पाहिलं. पाहिलं ते जरा जास्तच वेळ. "मी धम्मदीप. आणि तू म्हणजे ते पट्ट्यांवरचं वळणदार अक्षर. बरोबर ना?"

छत्री खाली आली. सुनीतीच्या कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

घर होतं टूनगॅबीचं, रामभाऊ काकांचं. साल दोन हजार आठ. त्या वर्षी सिडनीत आपल्याकडची इतकी पोरं शिकायला उतरली होती की दगड मारावा तो एखाद्या स्टुडंट व्हिसाला लागावा. सुनीती साताऱ्याची, अकाउंटिंगची मास्टर्स करणारी, काकांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणारी. धम्मदीप नागपूरचा, चांगला मेकॅनिकल इंजिनियर, पण कायम राहण्याच्या व्हिसाला पॉइंट मिळतात म्हणून कुकरीचा डिप्लोमा करत होता आणि संध्याकाळी वेंटवर्थव्हिलच्या एका हॉटेलात कांदा चिरत होता. "आईने इंजिनियर केला, ऑस्ट्रेलियाने आचारी," असं तो स्वतःच सांगायचा. हॉटेलाबाहेरच्या फळ्यावर तो खडूने पदार्थांची चित्रं काढायचा. ती पाहून काकांनी त्याला धरून आणलं होतं.

कारण काकांकडे पाच पुस्तकं होती. अमेरिकेतली त्यांची मुलगी रेखा दर नोव्हेंबरला आईला लहान मुलांचं एक चित्रांचं पुस्तक पाठवायची. थँक्सगिव्हिंगच्या दिवसांतलं, कृतज्ञतेचं. लांबलचक टेबल, भोपळे, टर्की, आणि हात जोडून बसलेलं कुटुंब. काकांची बायको सोजरबाई ती पुस्तकं रविवारच्या मराठी शाळेत नेऊन पोरांना आपल्या मराठीत सांगायची. पोरांच्या हातांनी ती पार फाटली. गेल्या हिवाळ्यात सोजरबाई गेली. शाळेने निरोप पाठवला, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आजींची पुस्तकं हवीत. आता तोंडी सांगणारी उरली नव्हती, म्हणून सुनीतीने सकाळी मराठी मजकुराच्या पट्ट्या लिहून इंग्रजीवर चिकटवायच्या आणि धम्मदीपने दुपारी फाटकी चित्रं जोडून रंगवायची, असं ठरलं.

दोघांची वेळ कधी जुळायची नाही. मग पुस्तकात चिठ्ठ्या सुरू झाल्या. पहिली त्याची.

"'आपला आभारी आहे' असं लिहिलंयस. हा मुलगा आईला म्हणतोय की बँक मॅनेजरला?"

"मग तू सांग, आपल्याकडे मुलगा आईला काय म्हणतो?"

"काहीच नाही. ताट चाटूनपुसून खातो."

सुनीती बसमध्ये ती चिठ्ठी वाचून एकटीच हसली. दुसऱ्या दिवशी तिने ओढणीऐवजी ठेवणीतला निळा स्कार्फ घातला. कोण बघणार होतं, ते तिचं तिला ठाऊक. अर्धं लेक्चर सोडून ती दीडच्या ट्रेनने परत येऊ लागली, आणि धम्मदीपला अचानक शिफ्टला उशीर चालायला लागला.

त्याच दिवसांत पुस्तकांत तो पाट दिसू लागला.

पहिल्या पुस्तकात टेबलाच्या शेजारी, जमिनीवर, पेन्सिलीने काढलेला एक पाट. समोर ताट, भोवती वेडीवाकडी रांगोळी. अमेरिकेतल्या त्या गोऱ्यागोमट्या पंगतीत आपला पाट! सुनीतीला मजा वाटली. मग तिला दिसलं की मागच्या दारात एक बाई पाठमोरी उभी आहे. नऊवारीतली. दुसऱ्या पुस्तकात ती पाटावर बसली होती, अजून पाठमोरीच. तिसऱ्यात तिची मान जरा वळली होती, नाकाचा शेंडा दिसत होता.

रेषा इतकी जिवंत की सुनीतीला वाटलं, पुस्तक मिटलं की ही बाई मिटत नसणार. त्या खोलीत दुपारी एक विचित्र शांतता पडायची. बाहेर जॅकरंडाच्या फुलांचा जांभळा सडा, कुठूनतरी कोकिळेची एकच तान, चढत जाणारी... आणि एकदम बंद. सुनीतीला मान वळवून मागे बघावंसं वाटायचं, आणि ती बघायची नाही.

पण हे धम्मदीपचंच काम, हे नक्की होतं. मनातल्या मनात तिला त्याचा अभिमानही वाटला.

चौथं पुस्तक झालं त्या दिवशी तो तिला वेंटवर्थव्हिलला डोसा खायला घेऊन गेला. कारण काय, तर काम संपत आलं. अशी कारणं शोधावी लागत नाहीत, ती आपोआप सापडतात.

"तुझी आजी फार सुंदर आहे हं," सुनीती चटणीत बोट बुडवत म्हणाली. "पाटावरची."

"माझी?" तो हसला. "अगं, मीच तुला म्हणणार होतो. तू इतकी छान काढतेस तर मला कशाला राबवलंस?"

"चेष्टा पुरे."

"सुनीती... चेष्टा नाही करत."

डोसा तसाच राहिला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि या वेळी त्या बघण्यात लाडिकपणा नव्हता.

"चौथ्यात ती समोर बघतेय," धम्मदीप हळूच म्हणाला. "मी काल पाहिलं. शपथ सांगतो, माझ्याकडे बघत होती. मी पुस्तक उलटं धरून रंगवलं."

"उलटं धरून?"

"मग काय करू! भीती वाटली यार."

सुनीतीला हसू फुटलं आणि त्याच वेळी हातावर काटाही आला. टेबलाखाली त्याचा हात तिच्या हाताला लागला. कोणीच काढून घेतला नाही.

दोघं तसेच घरी आले. काका सनरूममध्ये भिंगातून पेपर वाचत होते. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्यात पिकू घातलेला. सुनीतीने चारही पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली. "काका, हा पाट कोणी काढला?"

काका चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "मी. संध्याकाळी तुम्ही नसता तेव्हा. रागावू नका पोरांनो."

"कशाला, काका?"

म्हाताऱ्याने भिंग खाली ठेवलं. "बेचाळीस वर्षं ती वाढत राहिली. सगळ्यांचं झालं की शेवटी बसायची. इथे येऊन डायनिंग टेबल घेतलं, तरी ही आपली ओट्याशी उभी. मी एकदाही म्हटलं नाही की तू आधी बस. या पुस्तकांत सगळे बसलेत, एकमेकांना थँक्यू म्हणतायत. म्हटलं, हिच्यासाठी एक पाट मांडावा. आता तरी बस म्हणावं."

धम्मदीप पुढे वाकला. "आणि बाई? पाटावरची बाई, काका?"

"कुठली बाई? मला माणूस काढता येतो होय?"

सुनीतीने चौथ्या पुस्तकाचं पान उघडून त्यांच्या चांगल्या डोळ्याजवळ धरलं, भिंग दिलं. काका बराच वेळ बघत राहिले.

"तिच्या हनुवटीवर गोंदण होतं," ते म्हणाले. "तीन ठिपके. तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं." मग चित्रावर बोट ठेवून, "बसली... बसली बघा."

रडत होते, पण चेहरा उजळला होता. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं आणि सुनीतीला वाटलं, खोलीत आपण चौघं आहोत.

धम्मदीप गेल्यावर तिच्या खोलीच्या दाराशी येऊन काका तिला एकटीला म्हणाले, "आपल्या माणसाला काय सांगायचं, असं म्हणत राहिलो मी. आपल्या माणसालाच सांगायचं असतं, बाई."

ते कशाबद्दल बोलत होते ते तिला कळलं. पण कळणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं.

शुक्रवारी पाचव्या पुस्तकात धम्मदीपची चिठ्ठी होती. तिच्यात थट्टा नव्हती. "ॲडलेडला शेफचा जॉब मिळाला. रीजनल आहे, व्हिसा स्पॉन्सर करतायत. उद्या चारची बस. शेवटचं पुस्तक झालंय. भेटशील?"

शनिवारी दुपारी तो पाठीवर बॅग घेऊनच आला. आभाळ काळंनिळं झालं होतं, वारा पडला होता, पहिल्या थेंबाआधीचा मातीचा वास. काका आत झोपले होते.

"तिथे काय, छान बीच आहे म्हणतात," सुनीती म्हणाली. तिच्या मनात होतं एक आणि जीभ काढत होती दुसरंच.

"हो... म्हणतात." तो चष्मा पुसत बसला. पुसलेला चष्मा पुन्हा पुसला. "सुनीती, तू काही बोलली असतीस तर... नाही, जाऊ दे. तुझ्या घरी पहिलं आडनाव विचारतील. माझं ऐकलं की दुसरा प्रश्न विचारणार नाहीत. मला सवय आहे. तुला नाही."

साताऱ्याचं घर, बाबांचा चेहरा, आत्याची जीभ, सगळं एकदम तिच्यासमोर उभं राहिलं.

"बरं, येतो," तो म्हणाला. दारात क्षणभर थांबला, वाट पाहिली. मग गेला.

जाळीचं दार आपटलं. सुनीती खुर्चीत बसली आणि काहीतरी करायचं म्हणून तिने पाचवं पुस्तक उघडलं.

शेवटचं पान. लांब टेबल, भोपळे, टर्की. शेजारी काकांचा पाट, आणि आज तो रिकामा होता. नऊवारीतली बाई उठून उभी होती. तिच्यापुढे एक मुलगी, गळ्यात स्कार्फ, नजर खाली. आणि बाईचा हात त्या मुलीच्या पाठीवर, तळवा पूर्ण टेकलेला. आशीर्वादाचा नव्हे. ढकलणारा. हनुवटीवरचे तीन ठिपके स्पष्ट दिसत होते, आणि बाईच्या चेहऱ्यावर जो भाव होता तो सुनीतीने फक्त वैतागलेल्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिला होता.

तिला ओरडायचं होतं. पण आवाज फुटायच्या आत तिच्या दोन्ही खांद्यांमध्ये काहीतरी टेकलं. गार. पाच बोटं, एक एक ओळखू येतील अशी. खुर्चीला पाठ होती, त्या पाठीतून हात येणं शक्य नव्हतं. तरी तो आला, आणि त्याने एक धक्का दिला.

सुनीती उठलीच. चप्पल नाही, काही नाही. जाळीचं दार, पायरी, ओला रस्ता. पाऊस सुरू झाला होता, जॅकरंडाची फुलं पायाखाली चिरडत होती. तो कोपऱ्यावर पोचला होता.

"धम्मदीप!"

तो वळला. चष्म्यावर थेंब, त्यामागे डोळे मोठे झालेले.

"मला तू आवडतोस," ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून... त्या टर्कीच्या बोटापासून. आडनाव मी सांगेन घरी. आधी आडनाव सांगेन, मग फोटो दाखवेन. बाबा चिडतील. आत्या तर बोलायचीच बंद होईल, आणि त्याचे सगळ्या घरावर उपकार होतील. पण सांगेन मी. तू न विचारता जाऊ नकोस, एवढंच."

त्याने बॅग हळूच खाली, चिखलात ठेवली.

"मी गेले तीन आठवडे रोज संध्याकाळी कांदे चिरायला उशिरा जातोय," तो म्हणाला. "शेफ मला 'मेट' सोडून बाकी सगळं म्हणतो. तुला काय वाटलं, मी टर्कीसाठी येत होतो?"

ती हसली, रडली, दोन्ही एकदमच. "ॲडलेडला जा तू. जॉब सोडू नकोस. सेमिस्टर संपलं की मी येते. बस आहे, विमान आहे, फोन आहे."

"चारची बस तर गेली आता."

"मग उद्याची घे. उद्या शाळेत पुस्तकं वाचायची आहेत. तू टर्कीचा आवाज काढ."

"काढतो. चल, भिजतेयस." त्याने बॅग उचलली. ती घराकडे वळली आणि दोन पावलं पुढे झाली.

"सुनीती," मागून त्याचा आवाज आला, एकदम बदललेला. "थांब. हलू नकोस."

"काय झालं?"

"तुझ्या कुर्त्यावर... पाठीवर... पिठाचा हात उमटलाय. बाईचा. बांगडी घासल्याची रेघ पण आहे. पाऊस पडतोय इतका, आणि तो पुसला जात नाहीये."

सुनीतीने डोळे मिटले. सोजरबाईच्या घरात गेल्या हिवाळ्यापासून कोणी कणीक मळली नव्हती. काका ब्रेड खायचे.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"खूप," तो प्रामाणिकपणे म्हणाला. मग जवळ आला आणि त्या पांढऱ्या तळव्यावर त्याने आपला हात ठेवला. तो छाप त्याच्या हातापेक्षा बराच लहान होता, आणि अजून गार होता. त्याने हात काढला नाही. तसेच, भर पावसात, दोघं घराकडे चालत गेले.