सात गाठींचं बोलावणं

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी मेलेली आहे, अशी त्याची खात्री झाली होती.

१९५७ सालचा माघ महिना. चांद्याहून निघालेली मोटार भरदुपारी गडचिरोलीला पोचली. दवाखान्याला कुलूप होतं, डॉक्टरसाहेब जेवायला घरी गेलेले. अंगणात कडुलिंबाखाली एक पांढरी गाडी उभी होती. मागचं दार उघडं, आत स्ट्रेचर, आणि काय ती सावली! खडीच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली होती. म्हटलं, पाच मिनिटं पाठ टेकू. पदर तोंडावर ओढला आणि डोळा लागला.

जाग आली ती कोणाच्या तरी बोलण्यानं.

"अरे देवा… कोन ठेवून गेलं हो हिले? संगं मानूस नाई, चिठ्ठी नाई…"

मी पदर बाजूला केला आणि उठून बसले. समोरचा माणूस दोन पावलं मागं सरकला. चाळिशीचा, उंच, सावळा. खाकी शर्टाच्या बाह्या तेलानं माखलेल्या. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग असा हसला की मला रागच आला.

"हसायला काय झालं?"

"हसू नाई त काय करू, बाई? या गाडीत निजलेलं मानूस उठत नाई, असं लोकं म्हनते. उठनाऱ्या तुम्हीच पयल्या!"

"मी सुगंधा. या गाडीवर माझी नेमणूक झाली आहे. रोग्याजवळ बसायचं काम."

"तुम्ही?…" त्याची नजर माझ्या कानाजवळच्या पांढऱ्या केसांवर गेली.

"केस काय पाहता, भाऊ? हात पाहा," मी म्हटलं आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले.

त्यानं खरंच पाहिले. उगाच जरा जास्त वेळ पाहिले. मग म्हणाला, "मी लटारू. गाडी चालवतो. तुमच्या हाताचं मले काई समजत नाई, पन थरथरत नाई, हे खरं हाये."

नेमकं हेच वाक्य मला या वाटेवर घेऊन आलं होतं. विसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं आणि मी चांद्याला भावाकडे आले. आमच्यात विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं; पण भावानं, गुणवंतरावांनी, ते मनावर घेतलं नाही आणि मीही नाही. सतरा वर्षं त्यांच्या चुलीपुढे गेली. शेवटच्या आजारात आईची पाठ सोलून निघाली होती, ती मी रोज धुवायची. तेव्हा घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझे हात थरथरत नाहीत गं. शिकतेस का?" ज्या वयात बायका सून शोधतात त्या वयात मी मलमपट्टी शिकले, रक्त थांबवायला शिकले, मोडलेल्या हाडाला खपची बांधायला शिकले. वहिनी म्हणाल्या, लोक हसतील. हसले की.

नेमणूक मात्र तात्पुरती होती. डॉक्टरसाहेबांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "पावसाळ्याआधी या गाडीचा उपयोग दिसला नाही तर ती नागपूरला परत जाईल. ड्रायव्हर गाडीसोबत. तुम्ही तुमच्या घरी."

आणि गाडीला कोणी बोलावतच नव्हतं. जंगलातली गावं तिला 'नेनारी मोटार' म्हणायची. चिरफाडीसाठी मुडदे आणायला हीच गाडी जायची, आणि जिवंत माणसासाठी तिला निरोप यायचा तो सगळे उपाय थकल्यावर. फाल्गुनात सोमाजी नावाच्या शेतकऱ्याला साप चावला. आम्हाला निरोप आला दुसऱ्या दिवशी. धानोऱ्याच्या अलीकडेच माझ्या मांडीवर त्याचा श्वास थांबला. परत आल्यावर मी स्ट्रेचर धुवायला बसले आणि लटारू पाणी ओतत राहिला.

"पंधरा वर्सं लाकडाचा ट्रक चालवला मी," तो म्हणाला. "एकदा झाड पडून मजूर चेंगरला. त्याले सागाच्या लठ्ठ्यावरच टाकून आनला… दुसरं होतंच काय? रस्ताभर ओरडत होता. मंग ओरडाचा थांबला. तेव्हा ठरवलं बाई, मानसाले लाकडावर टाकून नाई न्याचं. म्हून या गाडीवर आलो. लगन-बिगन जंगलातच राहून गेलं."

त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी नागपूरला जाऊ नये. आणि खरं सांगते, ते एकट्या नोकरीसाठी वाटलं नव्हतं.

चैत्रात मोहफुलं पडू लागली. सगळं रान गोड वासानं भरून गेलं. मोहाला माणसं येतात तशी अस्वलंही येतात. एका सकाळी धानोऱ्याच्या मोटारीचा ड्रायव्हर चिठ्ठी घेऊन आला. वनखात्याच्या नाकेदारानं गावाला न विचारता लिहिलेली. धानोऱ्यापलीकडच्या एका पाड्यावर बुधरी नावाच्या बाईला अस्वलानं फाडलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती ओसरीत पडली होती. डोक्याची कातडी सुटून कानावर आलेली, खांदा उघडा पडलेला, पण शुद्धीवर होती. मी जखम धुऊन घट्ट पट्टी बांधली. स्ट्रेचर आणलं, तर तिची सासू सोमारी दारात आडवी उभी राहिली.

"तुह्या मोटारीत गेलं ते येत नाई, बाई. मराचं असन त घरीच मरन."

नवरा कोलू खाली मान घालून उभा होता. मी म्हटलं, "मी आणीन परत. स्वतः आणीन."

"कधी?"

आणि इथं माझी चूक झाली. जखम पुरती पाहिली नव्हती, साहेबांना विचारलं नव्हतं. घाईत बोलून गेले, "नऊ दिवसांत."

सोमारी आत गेली आणि अंबाडीच्या दोन दोऱ्या घेऊन आली. दोन्हींना तिनं मोजून नऊ-नऊ गाठी मारल्या. एक माझ्या हातात दिली, एक स्वतःच्या कमरेला खोचली. रोज एक गाठ सोडायची. शेवटची सुटायच्या आत बुधरी दिसली नाही, तर ती मेली असं समजून ते तिचं क्रियाकर्म करणार.

परतीच्या वाटेवर लटारू म्हणाला, "इकडं लग्नाचं बोलावनंबी असंच धाडते. जितके दिवस, तितक्या गाठी. गाठीचा शब्द मोडला त मंग तोंड दाखवाची सोय नाई."

सात गाठी सुटल्या. बुधरीची डोक्याची जखम भरत आली, पण खांदा ओलाच. साहेब म्हणाले, "आणखी दहा-बारा दिवस. टाके काढल्याशिवाय सोडता येणार नाही."

"सोडू नका साहेब. नुसतं दाखवून आणते."

"हा दवाखाना आहे की जत्रा?"

मी बुधरीकडे पाहिलं. "गावात नेलं तर परत येशील? का तिथंच राहशील?"

तिनं दुखरी मान हळूच माझ्याकडे वळवली. "तू मले आनशीन म्हनाली होती. मी येईन म्हनते. झालं."

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "संध्याकाळच्या आत."

नवव्या दिवशी सकाळी निघालो आणि कठाणी नदीच्या पात्रात गाडी रेतीत रुतली. गाड्यांसाठी रेतीवर अंथरलेले बांबूचे तट्टे सरकले होते. लटारूनं हातानं रेती उपसली, चाकाखाली स्वतःचं घोंगडं घातलं. चाक गरगर फिरून आणखी खाली गेलं. माझ्या गाठोड्यात एक लुगडं होतं, कपडे रक्तानं भरले तर बदलायला ठेवलेलं. निळं, कोरं. मी ते त्याच्या हातात दिलं.

"नवं हाये हे…"

"घाला."

गाडी निघाली. लुगड्याच्या चिंध्या झाल्या. त्या हातात घेऊन तो ओशाळून उभा राहिला. "तुमाले दुसरं आनून देतो."

"कोणत्या नात्यानं?" मी विचारलं. चेष्टेत विचारलं होतं, पण आवाज चेष्टेचा निघाला नाही.

तो रेतीकडे पाहत राहिला. "भाऊ म्हनता ना मले… त्याच नात्यानं."

मी गाडीत जाऊन बसले. दार जरा जोरातच लावलं.

पाड्यावर माणसं जमली होती. मोहाखाली सोमारी बसली होती आणि तिच्या हातातल्या दोरीला एकच गाठ उरली होती. बुधरी कोणाचा हात न धरता खाली उतरली. सोमारी उठून जवळ आली. तिनं सुनेचं तोंड चाचपलं, पट्टी चाचपली, मग तिच्या पावलांकडे पाहिलं आणि तिथंच बसून मोठ्यानं रडायला लागली. कोलू झोपडीमागं जाऊन तोंड धुऊन आला.

आंबील प्यायल्यावर बुधरी आपली आपण गाडीकडे निघाली. "कुठी चालली?" सोमारीनं विचारलं.

"टाके हायेत ना अजून." आणि ती स्ट्रेचरवर जाऊन निजली. गावातून त्या गाडीत दुसऱ्यांदा चढलेलं पहिलं माणूस! म्हातारीनं डोळे पुसले आणि दोरीला नव्यानं बारा गाठी मारायला घेतल्या.

वैशाखात आम्हाला सहा गावांचे निरोप आले. अडलेली बाळंतीण, झाडावरून पडलेला पोचू, भाजलेली सोनीबाई… सगळे वेळेत. सहाही परत गेले. साहेबांनी वर अहवाल धाडला, आणि गाडी राहिली, मी राहिले.

पण जंगलच्या वाटांनी इंजिन पार खिळखिळं झालं. पावसाळ्याआधी ते नागपूरला उघडायचं ठरलं. साहेब सहज बोलून गेले, "गाडी परत येईल. ड्रायव्हर हाच येईल असं नाही. लटारूला नागपुरातच ठेवून घ्यावं म्हणतात… त्याची मर्जी."

त्या सकाळी तो निघायला उभा होता. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "तुमचं लुगडं," तो म्हणाला. "निळंच हाये."

"भावानं दिलेलं लुगडं मी घेणार नाही."

त्याचा हात मागं गेला. चेहरा असा उतरला की मला माझाच राग आला. सदतिसाव्या वर्षी माणसाला हे जमत नाही हो… सतराव्या वर्षी निदान लाजून पळता तरी येतं. मी कनवटीतून अंबाडीची दोरी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"कोनता पेशंट आनाचा हाये?"

"पेशंट नाही." माझे न थरथरणारे हात त्या दिवशी थरथरले. "सोमारीला विचारून आले मी. म्हटलं, बोलावण्याला गाठी किती मारायच्या? ती म्हणाली, वाट पाहण्याची जितकी ताकद असेल तितक्या."

तो दोरीकडे पाहत राहिला. बोटानं एकेक गाठ मोजली. "सातच?"

"माझ्यात तेवढीच आहे."

"इंजिनले दहा दिवस सांगितले हायेत, बाई."

त्यानं लुगडं दवाखान्याच्या पायरीवर ठेवलं, मला दिलं नाही. दोरी शर्टाच्या खिशात घातली, वर बटण लावलं आणि गाडी सुरू केली. मी पायरीवरचं लुगडं उचललं तेव्हा त्यानं आरशातून पाहिलं असावं; फाटकाबाहेर जाताना गाडी क्षणभर थांबली, मग गेली.

माझ्याकडेही तशीच दोरी होती. रोज सकाळी एक गाठ सोडायची. सहा सुटल्या. सातव्या दिवशी निळं लुगडं नेसले आणि कडुलिंबाखाली, गाडीच्या रिकाम्या जागेपाशी, पट्ट्या गुंडाळत बसले. दुपार कलली. इंजिनाचा आवाज आला म्हणून उठले, तर ती नागपूरकडून येणारी मोटार. परत बसले. शेवटची गाठ नखानं सैल केली… सोडवेना.

"थांबा जी. अजून दिवस बुडला नाई."

फाटकात तो उभा होता. अंगावर धुळीचा थर, हातात एक पिशवी.

"गाडी?" मी विचारलं.

"गाडी नागपुरात हाये. इंजिन उघडंच पडलं हाये. तीन दिवसांनी जाईन, घेऊन येईन." त्यानं खिशाचं बटण काढलं आणि दोरी बाहेर काढली. तिलाही एकच गाठ उरली होती. "बोलावनं गाडीले थोडीच होतं?"

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. त्यानं माझ्या लुगड्याकडे पाहिलं. भाऊ हा शब्द सवयीनं माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला.

"अहो," मी म्हटलं, "आत या. उन्हात उभे नका राहू."