बंदीच्या दिवशीची पानं

"अरे थांब! काल तर बंदीचा दिवस होता!" मेग्नी एवढ्या जोरात ओरडली, की फोत्सोच्या हातातलं भाजलेलं कणीस मातीत पडलं.

"माझं कणीस गेलं ना!"

"कणीस घाल चुलीत! बंदीच्या दिवशी देवराईत कुणी पाऊल टाकत नाही. मग पापा वाफोंनी काल आईला टोपलीभर पानं आणून दिली, ती कुठली?"

फोत्सो, तिचा मावसभाऊ, कणीस विसरलाच! सुट्टी लागल्यापासून घरात कुणी धड जेवत नव्हतं. देवराईतल्या एका झाडाच्या पानांच्या आत राहणारी बुरशी आईला तिच्या प्रयोगशाळेत सापडली होती. तिच्या अर्कानं मलेरियाचे जंतू मरत होते. पण वीज गेली, फ्रिज बंद पडला आणि आतली बुरशी मेली. आई वस्तीतल्या वयस्कर पापा वाफोंकडून पुन्हा पानं मागवून, धुऊन, चिरून बशीत ठेवत होती, पण उगवायची ती भलतीच बुरशी! महिनाअखेर हवी ती मिळाली नाही, तर राजधानी याउंदेचे साहेब प्रयोगशाळेला कुलूप लावणार होते.

दुसऱ्या सकाळी पापा वाफो टोपली घेऊन निघाले, तशी दोघं केळींच्या आडून त्यांच्या मागे लागली. देवराईची वाट आली आणि पापा सरळ पुढे गेले! रस्त्याकडेच्या, धुळीनं लाल झालेल्या झाडाची पानं ते ओरबाडू लागले.

"पापा! हे काय करताय?"

टोपली खाली पडली. "झाड तर तेच आहे ना गं?"

"जात तीच, पण जागा बदलली की आतली बुरशी बदलते! आई शंभरदा सांगते!"

पापा मटकन खाली बसले. "माझ्या बापाचा मरणानंतरचा मोठा विधी पैशांअभावी अजून मला करता आला नाही, पोरी. कुठल्या तोंडानं जाऊ देवराईत? वाडवडील विचारतील ना!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मेग्नीला रागही आला आणि रडूही.

ऐकून आई आधी कडाडली, मग वरमली. "मी तरी कधी विचारलं त्यांना? नुसती घाई केली."

शेवटी वस्तीतले जाणते असलेले मेग्नीचे आजोबा स्वतः देवराईत गेले. झाडाच्या मुळाशी मीठ आणि पामतेल ठेवून त्यांनी पानं मागून आणली.

या पानांतून हवी ती बुरशी उगवली. महिना सरत आला, तेव्हा सूक्ष्मदर्शकावर वाकलेली आई ओरडली, "मेले! सगळे जंतू मेले!"

"शाब्बास, पोरांनो! आमचे डोळे कुठे गेले होते?" आजोबांनी दोघांची पाठ थोपटली.

मेग्नीचं लक्ष मात्र दाराकडे होतं. पापा वाफो बाहेरच उभे होते. तिनं जाऊन त्यांचा हात धरला आणि त्यांना आत आणलं.

"वाफो," आजोबा म्हणाले, "या कोरड्या ऋतूत तुझ्या बापाचा विधी अख्खी वस्ती करेल. पुढची टोपली देवराईतून तूच आणायची!"

आई उठली आणि तिनं पापा वाफोंना आपल्या खुर्चीवर बसवलं.